पाण्याकाठचं घर : ऑक्टोबरातलं आणि मे महिन्यातलं

जाहिरातीतला फोटो बहुधा ऑक्टोबरातला असतो. पाऊस नुकताच उघडलेला, डोंगर हिरवेगार, मागे तिकोन्याचा सुळका आणि गच्चीच्या कठड्याला जवळजवळ टेकलेलं निळं पाणी. खाली ओळ असते : ‘लेकव्ह्यू प्लॉट, पुण्याहून दीड तास.’ तोच प्लॉट मे महिन्यात बघायला जा. कठड्यापासून पाण्यापर्यंत पोचायला चांगली दहा मिनिटं चालावं लागतं. मधल्या पट्ट्यात भेगाळलेला गाळ, त्यावर चरणारी गुरं, मध्येच एखाद्या बुडालेल्या घराचं जोतं. पवनेच्या जलाशयात तर एरवी पाण्याखाली असलेलं वाघेश्वराचं दगडी देऊळ उन्हाळ्यात उघडं पडतं आणि माणसं चालत दर्शनाला जातात.

पाणी गेलं कुठे, हे पहिलं कोडं. दुसरं त्याहून विचित्र आहे : समोर एवढं पाणी असताना त्याच बंगल्याच्या दारात टँकर का उभा असतो?

लोणावळा, पवना, मुळशी, वरसगाव या पट्ट्यात शनिवार-रविवारचं किंवा निवृत्तीनंतरचं घर घेण्याचं स्वप्न मुंबई-पुण्याची हजारो कुटुंबं बघतात. त्यातले बहुतेक जण भाव, रस्ता आणि देखावा बघतात. खरं तर आधी समजून घ्यायला हवा तो पाण्याचा आणि काठाचा कारभार, कारण घर तुमच्या नावावर होतं, पण समोरच्या तळ्याचा कारभार दुसऱ्याच्याच हाती राहतो.

हे पाणी कुणाचं?

या भागातली बहुतेक ‘तळी’ म्हणजे धरणांचे जलाशय. प्रत्येक धरण कुणाच्या तरी ठरलेल्या गरजेसाठी बांधलेलं आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवता ही टाटांची धरणं. त्यांचं पाणी मोठ्या नळांतून सुमारे अर्धा किलोमीटर खाली कोकणात उतरतं आणि खोपोलीला वीज तयार करतं. हे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं. त्यामागोमाग १९२२ साली ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरी आणि १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिरा ही केंद्रं आली. मुळशीच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. सहलीसाठी प्रसिद्ध असलेलं भुशी धरणसुद्धा रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं होतं.

पवना धरण जलसंपदा विभागाचं. त्याची क्षमता साडेआठ टीएमसीच्या आसपास आहे. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३१ कोटी. हे पाणी नदीत सोडलं जातं आणि पिंपरी-चिंचवड शहर ते रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलतं. वरसगावच्या काठावर लवासा हे खासगी कंपनीचं नियोजित शहर उभं राहिलं, पण त्या धरणाचं पाणी पुणेकरांच्या नळाला आणि खालच्या शेतीला जातं.

धरण म्हणजे पाण्याची कणगी. सुगीला भरायची आणि पुढच्या सुगीपर्यंत पुरवून पुरवून रिकामी करायची. वर्षभर काठोकाठ भरलेली कणगी घरच्यांच्या काय कामाची? सरकारी हिशेबही तसाच चालतो. साधारण १५ ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे ते पाहतात, कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि पिण्याला किती, शेतीला किती, हे ठरतं. पुढचा पाऊस जम धरेपर्यंत तो साठा पुरवायचा असतो. त्यामुळे ऑक्टोबरनंतर पातळी उतरणं हे धरण नीट चालल्याचं लक्षण आहे. या पाणीवाटपाच्या कोष्टकात तुमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या देखाव्यासाठी रकाना नाही.

पाण्यावरच्या हक्काची भावना इथे किती तीव्र आहे, हेही नव्या घरमालकाला ठाऊक असावं. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पोलिसांचा गोळीबार झाला आणि तिघांचा जीव गेला. पवना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्नही दशकानुदशकं रेंगाळला आहे. काठावर आपण पोचतो, त्याच्या कितीतरी आधीपासून या पाण्याचे दावेदार तिथे आहेत.

पातळी थोडी उतरते, काठ एवढा का पळतो?

इथे साधी भूमिती आहे. समजा, पातळी १० मीटरने उतरली. काठ उभा असेल, म्हणजे २ मीटर पुढे गेल्यावर जमीन १ मीटर खाली जात असेल, तर पाणी फक्त २० मीटर मागे हटतं. काठ सौम्य असेल, २० मीटरला १ मीटर असा, तर पाणी २०० मीटर मागे जातं. उतार ५० मीटरला १ मीटर असेल, तर तेच पाणी अर्धा किलोमीटर दूर जाऊन बसतं. पातळी सगळीकडे सारखीच उतरते. पाणी किती लांब जाणार, हे तुमच्या समोरच्या जमिनीचा उतार ठरवतो.

म्हणजे एकाच जलाशयाच्या दोन काठांवरचे दोन प्लॉट ऑक्टोबरात सारखे दिसतात आणि मे महिन्यात त्यांचं रूप पार वेगळं होतं. अरुंद फाट्यात, जलाशयाच्या शेपटाकडे असलेले प्लॉट सगळ्यांत आधी कोरडे पडतात. धरणाच्या भिंतीजवळच्या खोल भागात पाणी शेवटपर्यंत टिकतं.

मग उभ्या काठावरचाच प्लॉट घ्यावा, असं कुणाला वाटेल. तिथे दुसरी अडचण उभी राहते. जिथे पाणी जवळ राहतं तिथे उतार उभा असतो, आणि उभ्या उतारावर घर बांधणं जोखमीचं असतं. त्याकडे वळण्याआधी मधल्या पट्ट्याचं बघू.

मोकळ्या पडलेल्या पट्ट्याचा मालक

पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन ही धरणासाठी संपादित केलेल्या बुडीत क्षेत्राचा भाग असते. ती जलसंपदा विभागाची, किंवा टाटांच्या धरणांवर कंपनीची. सरकारी जलाशयांवर अशी जमीन हंगामी पिकासाठी भाडेपट्ट्याने देण्याची पद्धत आहे. तिला गाळपेर जमीन म्हणतात. विक्रेता ‘पाण्यापर्यंत सगळं आपलंच’ म्हणत हात फिरवतो तेव्हा तो बहुधा याच पट्ट्याकडे बोट दाखवत असतो. तिथे लॉन लावलं, तंबू ठोकले, पायऱ्या किंवा जेटी बांधली, तर ते अतिक्रमण ठरतं आणि ते हटवण्याचा खर्चही तुमच्याच गळ्यात येतो.

तपासण्याचा मार्ग सोपा आहे. भूमी अभिलेख कार्यालयाकडून प्लॉटची मोजणी करून घ्या, हद्दीच्या खुणा प्रत्यक्ष जागेवर रोवून घ्या आणि संपादनाची रेषा कुठून जाते ते संबंधित पाटबंधारे कार्यालयात विचारा. फक्कीने आखलेल्या रेषेला काही अर्थ नसतो. एका पावसात ती वाहून जाते.

नदीच्या बाजूला घर असेल तर आणखी दोन रेषा महत्त्वाच्या : निळी आणि लाल. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द म्हणजे निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द म्हणजे लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध असतं, दोन्हींच्या मध्ये अटींसह परवानगी मिळू शकते. धरणाच्या खालच्या अंगाला, विसर्गाच्या वाटेवर घर असेल तर या रेषा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उतार, माती आणि चार हजार मिलिमीटर

लोणावळ्यात वर्षाला साधारण ४,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. खाली कठीण काळा बसाल्ट आणि वर झिजलेल्या खडकाची, मुरमाची आणि मातीची गोधडी, अशी इथल्या डोंगरांची रचना आहे. कोरड्या दिवसांत मातीचे कण एकमेकांना घासून, अडकून राहतात. सलग पाऊस झाला की कणांमधल्या फटी पाण्याने भरतात, हे पाणी कणांना एकमेकांपासून दूर ढकलतं आणि त्यांची पकड सुटते. त्याच वेळी भिजलेल्या मातीचं वजनही वाढतं. ओढ वाढली आणि पकड कमी झाली की उतार सुटतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यात माळीण गाव अशाच एका पहाटे गाडलं गेलं आणि १५१ जणांचा बळी गेला.

प्लॉट पाडणारे उतारावर सपाट पायऱ्या काढतात. वरच्या बाजूची टेकडी कापली जाते आणि तिचा पायथ्याचा आधार जातो. निघालेली माती खालच्या बाजूला भराव म्हणून टाकली जाते. घराचा अर्धा पाया कापलेल्या घट्ट जमिनीवर आणि अर्धा भरावावर आला, तर भराव दबतो आणि भिंतीत तिरकी भेग पडते. पाण्यालगतच्या उतारावर आणखी एक ताण असतो. भरलेल्या जलाशयाचं पाणी काठाला बाहेरून टेकू देतं. पातळी झपाट्याने उतरली की टेकू निघून जातो, पण काठाच्या पोटात मुरलेलं पाणी तेवढ्या वेगाने बाहेर पडत नाही. मग काठ ढासळू लागतो.

आधारभिंत बघताना एक गोष्ट जवळ जाऊन तपासा. भिंतीत ठरावीक अंतरावर पाणी निघायला भोकं ठेवलेली असतात. ती मातीने बुजली असतील, किंवा मुळात ठेवलेलीच नसतील, तर मागचं पाणी भिंतीला ढकलत राहतं. भिंतीला पोट सुटलं आहे का, कुंपणाचे खांब आणि झाडांचे बुंधे उताराकडे कललेत का, फरशी एका बाजूने दबली आहे का, हे डोळ्यांनी दिसतं. बाकीचं स्थापत्य अभियंत्याला विचारावं. त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नसते.

तळं समोर, टँकर दारात

आता दुसऱ्या कोड्याकडे येऊ. जलाशयातून पाणी उचलायला परवानगी लागते. काठावर घर आहे म्हणून पंप टाकता येत नाही. मग भिस्त राहते ती ग्रामपंचायतीच्या नळावर किंवा बोअरवेलवर. बसाल्ट हा खडक पाणी फारसं साठवत नाही. पाणी असतं ते फक्त भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. पाऊस प्रचंड पडतो, पण उतारावरून तितक्याच वेगाने वाहून जातो. वरचा थर फेब्रुवारी-मार्चपर्यंत आटतो आणि एप्रिलमध्ये बोअरची मोटर हवा ओढायला लागते.

यावर उपाय छपरावरच आहे. १,००० चौरस फुटांचं छप्पर म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. त्यावर ४ मीटर पाऊस पडला तर हिशेबाने पावणेचार लाख लिटर पाणी होतं. वाया जाणारं सोडूनही तीन लाखांच्या आसपास हाती लागतं. चार माणसांना दर दिवशी माणशी १३५ लिटर धरले, तर रोजचे ५४० लिटर होतात. कायम राहणाऱ्या कुटुंबाला आठ कोरड्या महिन्यांसाठी सुमारे १ लाख ३० हजार लिटरची टाकी लागेल, आणि ती महाग पडते. पण फक्त शनिवार-रविवार येणाऱ्यांना ४० हजार लिटरची टाकी पुरते. बंगला बांधतानाच जोत्याखाली ती टाकी काढली, तर टँकरवाल्याचा नंबर फोनमध्ये ठेवायची गरज उरत नाही.

वापरलेलं पाणी कुठे जातं, हाही याच हिशेबाचा भाग आहे. बहुतेक बंगल्यांना गटारयोजना नसते. सेप्टिक टँक आणि त्यापुढे शोषखड्डा असतो. भर पावसात जमीन आधीच पाण्याने तुडुंब असते, त्यामुळे शोषखड्डा शोषत नाही आणि मैलापाणी उताराने थेट जलाशयाकडे जातं. त्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे पाणवनस्पतींना फुकटचं खत. शेवाळ आणि जलपर्णी माजते, ती कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, मासे मरतात, वास सुटतो. ज्या देखाव्यासाठी बंगले आले, तो बंगल्यांच्याच सांडपाण्याने बिघडतो. प्रकल्पात सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे का, आणि असेल तर ते चालू आहे का, हे विचारणं म्हणजे तुमच्या गुंतवणुकीचं रक्षण आहे.

कागदावरचं घर

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ हे सांगतं. तरीही ‘फार्महाऊस प्लॉट’ सर्रास विकले जातात. त्यांची रीत ठरलेली आहे. एक एकर, म्हणजे ४० गुंठे शेतजमीन असते. कागदावर तिचे आठ-दहा तुकडे दाखवले जातात. पण तुकडेबंदी कायद्यामुळे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याची नोंद अडते. म्हणून सगळ्या खरेदीदारांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक लावली जातात. तुमचा तुकडा कोणता, हे कुंपण सांगतं, सातबारा सांगत नाही. पुढे विकायला, कर्ज काढायला किंवा बांधायला गेलात की बाकीच्या सगळ्यांच्या सह्या लागतात. या कायद्यांत बदल होत असतात, म्हणून विक्रेत्याच्या तोंडी खात्रीवर न जाता खरेदीच्या वेळचा नियम तहसील कार्यालयात विचारून घ्यावा.

सातबाऱ्यावर दोन जागी नजर टाकावी. पहिली म्हणजे भोगवटादार वर्ग. वर्ग १ ची जमीन विकता येते, वर्ग २ च्या विक्रीला सरकारची परवानगी लागते, बहुधा नजराणाही भरावा लागतो. धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी साधारणपणे वर्ग २ मध्ये असतात, त्यामुळे धरणांच्या परिसरात ही तपासणी विशेष महत्त्वाची. दुसरी जागा म्हणजे ‘इतर हक्क’ हा रकाना. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, पुनर्वसनासाठी राखीव असल्याचा शेरा, वाटेचा हक्क हे सगळं तिथे सापडतं. त्यापुढे फेरफार आणि गेल्या ३० वर्षांच्या व्यवहारांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून घ्यावा.

जमीन बिनशेती झाली म्हणजे सगळं झालं, असंही नाही. बांधकामाची परवानगी वेगळी असते. लोणावळा शहरात ती नगरपरिषद देते, आसपासच्या मावळ-मुळशीच्या बहुतेक गावांत पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा, बांधकाम अधिकृत असल्याचा नव्हे. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा मसुदाही लक्षात ठेवावा. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. त्यात एकट्या घराला बंदी नाही, मात्र २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकाम प्रकल्पांवर आहे. मोठ्या टाऊनशिपमध्ये घर घेताना गाव या मसुद्याच्या यादीत आहे का, ते बघावं.

५०० चौरस मीटरहून मोठा किंवा आठपेक्षा जास्त घरांचा वा प्लॉटचा प्रकल्प असेल, तर त्याची महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. पण नोंदणी म्हणजे यशाची हमी नव्हे. एकाच कंपनीने वसवलेल्या गावात घराचा ताबाच नव्हे, तर रस्ते, दिवे, पाणीसुद्धा त्या कंपनीच्या प्रकृतीवर अवलंबून राहतात. लवासाचं काम नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने थांबवलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. पैसे भरलेले कित्येक घर-खरेदीदार वर्षानुवर्षं ताटकळत राहिले.

राहायला गेल्यावर

बंद घराला इथे ओल खाते. पश्चिमेकडून येणारा पाऊस आडवा मारतो, त्यामुळे सपाट गच्ची आणि काचेच्या भिंती ही पुण्यातली हौस घाटमाथ्यावर महाग पडते. जुन्या बंगल्यांना उतरतं कौलारू छप्पर, उंच जोतं आणि खोल व्हरांडा असे, ते उगाच नव्हे. महाबळेश्वरला तर पावसाळ्याआधी भिंती गवताने झाकून घ्यायची रीत होती. दर वर्षी रंग, वॉटरप्रूफिंग, लाकूडकाम, राखणदाराचा पगार आणि सोसायटीची देखभाल, हा खर्च तुम्ही या किंवा न या, चालूच राहतो. कायम राहणार असाल तर दवाखाना, औषधाचं दुकान आणि सोमवारी सकाळी मिळणारी भाजी ही रविवारच्या देखाव्याहून मोलाची. शनिवारी सगळा घाट गाड्यांनी तुंबतो, तेव्हा रुग्णवाहिकाही त्याच रांगेत असते.

चौकट : इसार देण्यापूर्वी

• मे अखेरीस आणि जुलैच्या मध्यात, दोन्ही वेळा जागा बघा.
• धरण कुणाचं, पाणी कुणाला जातं आणि संपादनाची रेषा कुठे, हे विचारा.
• मोजणी करून हद्दीच्या खुणा रोवून घ्या.
• सातबारा : वर्ग १ की २, इतर हक्क, सामाईक नावं.
• बिनशेती आदेश, झोन दाखला, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, महारेरा क्रमांक.
• पूररेषा, आधारभिंती, भराव : अभियंत्याचा लेखी अहवाल.
• एप्रिल-मे महिन्यांत पाणी कुठून येतं, हे शेजाऱ्याला विचारा, विक्रेत्याला नको.

घ्यावं की नाही?

एक कसोटी लावून पाहा. समोरचं पाणी मनातून पुसून टाका आणि विचारा : नुसतं घर, हवा, रस्ता आणि कागद यांसाठी आपण एवढे पैसे मोजले असते का? उत्तर हो असेल तर खुशाल घ्या, कारण पाणी हा वरचा नफा. उत्तर नाही असेल, तर तुम्ही वर्षातल्या चार-पाच महिन्यांच्या देखाव्याची बारा महिन्यांची किंमत देत आहात. वर्षाकाठी वीस-पंचवीस दिवसच जाऊ शकणाऱ्या कुटुंबासाठी तर हिशेब सरळ आहे : बंगला भाड्याने घ्या, दर खेपेला वेगळ्या काठावर राहा, आणि ओल, राखणदार व सातबारा यांची काळजी मालकावर सोडा.